बादलीतले चार बेल्ट

ऋचाने बेल्ट दोन बोटांत धरला. अंगठा आणि शेजारचं बोट, बस. मेलेली पाल शेपटीने उचलावी तसा. टेस्टआधीच्या सरावाच्या फेरीनंतर मी नुकताच अंगावरून काढलेला, मीच नळाखाली खळखळून धुतलेला बेल्ट. अजून पाणी टपकत होतं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बेल्ट परत बादलीत टाकला, हात ट्रॅकपँटला पुसला आणि सरांना म्हणाली,

"सर, मला दुसरा द्या. हा नको."

सरांनी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला काहीतरी तोंडाने बोलावं लागलं असतं. सर वळले ते माझ्याकडे. सगळ्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"तू आता बेल्ट लावू नकोस. तुला टेस्टची काय गरज? तुम्हा लोकांत स्टॅमिना जन्मजातच असतो."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान कुणावर चिडायचं ते कळलं असतं. सगळ्या जणी खाली वाकून बुटांच्या लेस बांधायला लागल्या. बांधलेल्याच लेस पुन्हा बांधत होत्या.

मी सतरा वर्षांची. मी म्हणाले, "हो सर." आणि कठड्यावर जाऊन बसले. त्या "हो सर"चा मला आजही राग येतो.

बेल्ट म्हणजे काय ते सांगते. छातीला आतून, कातडीला चिकटून लावायचा इलॅस्टिकचा काळा पट्टा. तो ओला असावा लागतो, नाहीतर हृदयाचे ठोके पकडत नाही. पुढे बटणासारखं एक छोटं मशीन अडकवायचं, ते ठोके मोजून सरांच्या टॅबवर पाठवतं. मशीनं सर आपल्या डबीत जपून ठेवायचे. बेल्ट मात्र चारच, चारही एकसारखे, स्टोअररूमच्या दारात एका हिरव्या बादलीत पाण्यात पडलेले असायचे. एकीने काढायचा, नळाखाली धुवायचा, दुसरीने आत जाऊन घालायचा. मला क्लबात येऊन महिना झाला होता आणि महिनाभर मी हेच बघत होते. एकीचा घाम दुसरीला लागत नव्हता. कुणाला खाज येत नव्हती. माझ्यापाशी आल्यावरच घामाला काय झालं कोण जाणे.

तसं काय झालं ते मला पक्कं माहीत होतं. आदल्या रविवारी माझं आडनाव कळलं होतं.

मला क्लबात पाठवलं ते शाळेच्या पीटीच्या मास्तरांनी. ते हिंदीवाले, त्यांनी फक्त माझं नाव सांगितलं, पोरगी पळते बरी एवढं सांगितलं. सर मला हिंदीवालीच समजत होते. त्या रविवारी मी आईशी फोनवर मराठीत बोलत होते आणि मागून सर आले. चेहरा असा खुलला की विचारू नका. इंदुरात मराठी माणसाला दुसरा मराठी माणूस भेटला की होतं तसं. "अरे, तू तर आपली मराठी निघालीस! आधी नाही का सांगायचं?" ऋचाच्या आईला हाक मारली, म्हणाले, बघा, आपली मुलगी आहे. ऋचाची आईही खूष. कुठे राहता, गाव कुठलं, सगळं प्रेमाने. आणि मग सरांनी विचारलं, "आडनाव काय गं?"

मी सांगितलं.

सर म्हणाले, "अच्छा."

तो अच्छा माझ्या कानात अजून आहे. ऋचाची आई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. सर घड्याळ बघायला लागले. आपलेपणा अर्ध्या मिनिटात आला आणि अर्ध्या मिनिटात गेला. आडनाव मी इथे लिहिणार नाही. तुम्हीही ते वाचून मनात "अच्छा" म्हणणार, आणि तेवढी संधी मला कुणालाच द्यायची नाही.

सरांचं घराणं जुनं. पूर्वज दरबारात अधिकारी, घरात भिंतीवर तलवार, हे ते दर पंधरा दिवसांनी एकदा तरी सांगायचे. माझे आजोबा वऱ्हाडातून इकडे आले ते मिलमध्ये कामाला. मिल बंद पडली, आम्ही मिलमागच्या वस्तीतच राहिलो. बाबा मल्हारगंजात ठेला, म्हणजे हातगाडी, ओढायचे. कापडाचे गठ्ठे, पत्र्याचे डबे, जे पडेल ते. त्या गल्ल्यांत टेम्पो शिरत नाही, ठेला शिरतो. आई स्नेहलतागंजात एका घरी फरशी-भांडी करायची.

मी क्लबात टिकले, कारण मला पळायचं होतं. सीधी बात. वस्तीत मला कुणी पकडू शकत नव्हतं, आणि मला बघायचं होतं की वस्तीबाहेरही हेच खरं आहे का. स्टेटच्या क्रॉस कंट्री टीममध्ये यायचं, एवढंच डोक्यात होतं. बाकी अपमान गिळायची आमच्या घरात सगळ्यांना प्रॅक्टिस होती.

आणि सर शिकवायचे चांगलं. खोटं कशाला बोलू. मैदानात गोल करून बसवायचे आणि सांगायचे. शरीर पळताना घडत नाही, पळून झाल्यावर आराम करताना घडतं. थोडा त्रास द्यायचा, मग विश्रांती द्यायची, मग मागच्यापेक्षा थोडा जास्त त्रास. आठवड्यातले बहुतेक दिवस हळू पळायचं, त्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि पायांत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. तो सगळ्याचा पाया. जोराचे दिवस थोडेच. काही आठवडे वाढवत न्यायचं, मग एक आठवडा मुद्दाम कमी करायचं. आणि एकीचा प्रोग्राम दुसरीला लावायचा नाही. प्रत्येकीचं हृदय वेगळं, म्हणून तर टेस्ट. हे ते छातीवर हात ठेवून सांगायचे. मी तोंड उघडं टाकून ऐकायचे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की आराम हासुद्धा कामाचा भाग आहे. आमच्या वस्तीत आराम म्हणजे आजारपण.

हळू म्हणजे किती हळू? त्याला सरांचा एक साधा नियम होता. पळता पळता शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं की तुमचा वेग जास्त झाला. म्हणून हळू पळायच्या दिवशी मुली जोडीने पळायच्या आणि अखंड बडबडायच्या. सिरियल, कोचिंग, कुणाचा भाऊ कुणाला मेसेज करतो, सगळं. सर लांबून बघायचे आणि तोंडं चालू दिसली की समाधानी व्हायचे.

टेस्टनंतर सगळ्यांचे प्रोग्राम आले. माझाही आला. मी खूष झाले, बेल्ट नाही तर नाही, प्रोग्राम तर दिला. माझी जोडी ऋचाबरोबर लावली, कारण उंची-वय सारखं. मला कुठे माहीत की जोडी म्हणजे काय.

ऋचा लहानपणापासून पळत होती. तिची हळू चाल माझ्यासाठी हळू नव्हती. मी वस्तीतली फास्ट पोरगी, छोटं अंतर धूम पळणारी, लांब पळायची मला सवयच नव्हती. तिच्या बाजूने पळताना माझी छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायची. मला एक शब्द बोलता येत नव्हता.

आणि कुणाला कळणार होतं? ऋचा माझ्याशी बोलतच नव्हती. ती दोन पावलं पुढे पळायची आणि मान वळवून दुसऱ्या जोडीशी गप्पा मारायची. माझ्याशी कुणीच बोलायचं नाही. मला कुणी काही विचारलं असतं आणि मला उत्तर देता आलं नसतं, तर सरांच्या नियमाप्रमाणे त्याच मिनिटाला माझा वेग कमी झाला असता. पण विचारायचं कोण? माझं तोंड बंद दिसायचं, ते सगळ्यांना स्वाभाविक वाटायचं. सर एकदा दुसऱ्या मुलीला म्हणाले, ती घुमीच आहे. घुमी! मी घरी इतकी बोलायचे की आई कानावर हात ठेवायची.

तर जुलैपासून मी आठवड्याचे सगळे दिवस जोरात पळत होते. हळूच्या दिवशीही जोरात, जोराच्या दिवशी तर जीव खाऊन. दसऱ्यापर्यंत माझी वाट लागली. सकाळी उठल्या उठल्या छाती धडधडायची. पाय शिशाचे. नडगीचं हाड रात्रंदिवस ठणकायचं. पाळी बंद झाली, ते आईला सांगायची लाज वाटायची. ताटावर बसलं की अन्न नको व्हायचं. मला वाटायचं, मीच कमी पडते. सगळ्या याच प्रोग्रामवर ताज्यातवान्या दिसतात, मग खोट माझ्यातच. हे सगळ्यात वाईट. अपमान बाहेरून येतो तोवर माणूस उभा राहतो. तो आतून यायला लागला की संपलं.

दिवाळीच्या आधी दुसऱ्या एका क्लबाबरोबर शर्यत होती. मी अर्ध्यात बसले. बसले म्हणजे पायच उचलेनात, ट्रॅकच्या कडेला जाऊन वाळूत बसले. सगळ्यांच्या देखत. सर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, काय दुखतंय विचारतील.

"खाण्यापिण्याला वळण नाही, मनाला शिस्त नाही. संधी देऊन काय करायचं सांगा," असं ते म्हणाले. माझ्याशी नाही, ऋचाच्या वडिलांशी. मी तिथेच पायाशी बसलेली असताना.

जन्मजात स्टॅमिना मग कुठे गेला, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आठवडाभर मी क्लबात गेले नाही. रविवारी संध्याकाळी बाबांना डबा द्यायला मल्हारगंजात गेले. काम लवकर संपलं होतं, ठेला रिकामा होता. घरी येताना बाबा ठेला ढकलत चालले आणि मी उगाच त्यांच्या बाजूने सावकाश पळत निघाले. पायांना सवय झाली होती, चालणं जमत नव्हतं. बाबांनी विचारलं, "काय शिकवते वं तुझा तो सर?"

मी सांगायला लागले. आधी लोड, मग आराम, मग जास्त लोड. पाया कसा घालायचा. हृदय कसं मोठं होतं. मधला हलका आठवडा. गल्लीतून रस्त्यावर आलो, सिग्नल झाला, पूल झाला, मी बोलतेच आहे. बाबा ऐकत होते, मध्ये हं हं करत होते. मग ठेला थांबवून दम खात म्हणाले,

"मंग मले काऊन नाही देल्ला कोनी असा हलका आठवडा?"

ते हसत होते. मला हसू आलं नाही. बाबांचे दोन्ही गुडघे गेले होते. दोन जिने चढले की खाटेवर आडवे पडायचे. तीस वर्षं लोडच लोड, आणि त्याला हे लोक जन्मजात स्टॅमिना म्हणतात. आमच्या शरीरात जन्मजात काही नाही हो. कुणीतरी ओझं टाकलं, आराम दिला नाही, आणि जे उरलं त्याला गुण म्हणून मोकळे झाले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आणि त्याच मिनिटाला दुसरी गोष्ट लक्षात आली. मी मल्हारगंजापासून बोलत आले होते. पळत होते आणि बोलत होते. एकही वाक्य तुटलं नव्हतं. जुलैपासून पहिल्यांदा मी हळू पळाले होते, तेही ठेल्याच्या बाजूने. हळू म्हणजे हे असतं होय! मला रस्त्यातच रडू फुटलं. बाबा घाबरले. मी म्हटलं, काही नाही, पाय दुखतो.

सोमवारी मी सरांसमोर उभी राहिले. म्हटलं, मला प्रोग्राम जड जातोय, माझे ठोके कुठल्या हिशेबाने धरलेत? सर टॅबमध्ये बघत होते. मान वर न करता, किती वाजले ते सांगावं तशा सुरात म्हणाले,

"तुझं आणि ऋचाचं सेमच धरलंय मी. तुझी टेस्ट कुठे झालीये?"

घ्या. लपवालपवी नाही, काही नाही. लाज वाटत असती तर लपवलं असतं. एकीचा प्रोग्राम दुसरीला लावायचा नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस. ऋचाला माझा धुतलेला बेल्ट चालला नाही, पण ऋचाचं हृदय माझ्या छातीत बसवायला कुणाची हरकत नव्हती. आणि त्या हृदयाने मी मरायला टेकले होते.

मी म्हटलं, माझी टेस्ट घ्या. सर म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. पळाले मात्र माझ्या वेगाने, ऋचाला पुढे जाऊ दिलं. ती चिडली, सरही चिडले, मी ऐकलं नाही. एकदा तोंड उघडलं की पुन्हा मिटत नाही, हा मला स्वतःबद्दल लागलेला शोध.

सरांना माझं ऐकणं भाग होतं, त्याला कारण होतं. क्रॉस कंट्रीत टीममधल्या चौघींचे नंबर धरतात. आमच्या वयोगटात क्लबात चौघीच होतो, चौथी मी. मी नसले तर टीमच होत नव्हती, ऋचाचीसुद्धा नाही. स्टेटची निवड तोंडावर आली होती. तेव्हा एका सकाळी सर हसत हसत आले. हातात एक चकचकीत पाकीट. सगळ्यांना गोल करून उभं केलं आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं. नवा बेल्ट. पट्ट्याला माझ्या नावाची चिठ्ठी शिवलेली.

म्हणाले, हा फक्त तुझा. बादलीत ठेवायचा नाही, घरी घेऊन जायचा, घरून घालून यायचा. आज तुझी टेस्ट. एकदोघींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

खरं सांगते, माझा हात पुढे गेला होता. घेतला असता तर टेस्ट झाली असती. माझा स्वतःचा प्रोग्राम मिळाला असता, माझ्या ठोक्यांचा. नडगी बरी झाली असती. स्टेटची टीम समोर होती. ज्याच्यासाठी मी जिवाचं रान केलं ते सगळं त्या पाकिटात होतं. पाकीट नवीन होतं, छान वासाचं होतं.

पण तो वास मला ओळखीचा वाटला. स्नेहलतागंजातल्या त्या घरी आईच्या चहाचा कप वेगळा होता. खिडकीत पालथा घातलेला, फुलाफुलांचा, त्या घरातल्या सगळ्या कपांत देखणा. आई कौतुकाने सांगायची, माझ्यासाठी नवीन आणला बाईंनी. मी लहानपणी त्या घरी गेले की आईच्या कपातूनच मला चहा मिळायचा आणि मला वाटायचं, वा, केवढा मान!

मी हात मागे घेतला.

"सर, हा नको. बादलीतला द्या."

"अगं, नवीन आहे. तुझ्यासाठी खास मागवलाय."

"खास आहे म्हणूनच नको."

सरांचं हसू गेलं. आवाज खाली आला. "बेटा, प्रॉब्लेम काय आहे तुझा? आमच्याकडे जातपात चालत नाही. हा फक्त हायजिनचा विषय आहे."

जात हा शब्द त्या मैदानावर तोवर कुणी उच्चारला नव्हता. पहिल्यांदा त्यांनीच उच्चारला. मी म्हटलं, "हायजिन असेल तर सगळ्यांना वेगवेगळे द्या. नाहीतर मला त्याच बादलीतला."

ऋचा जमिनीकडे बघत होती. सर म्हणाले, हा बेल्ट घेतलास तर टेस्ट, नाही तर टेस्ट नाही, प्रोग्राम नाही, टीम नाही. निवड तुझी.

निवड माझी. ठीक आहे.

मी स्टोअररूमच्या दारात गेले. बादलीत हात घातला. हाताला आला तो बेल्ट काढला, आत जाऊन कातडीला लावला. गार पाणी पोटावर ओघळलं. बाहेर आले आणि मैदानाला एक फेरी मारली. सावकाश. माझ्या वेगाने. छातीवर मशीन नव्हतं, ठोके कुणाच्या टॅबवर जात नव्हते, ते माझे मलाच ऐकू येत होते. सर ओरडत होते, काय ते मी ऐकलं नाही. परत आले, बेल्ट काढला, नळाखाली धुतला, अगदी नियमाप्रमाणे. बादलीत टाकला. आणि मग कोपरापर्यंत हात घालून बादली ढवळली. बऱ्यापैकी वेळ ढवळली, पिठलं घोटतात तशी.

चार बेल्ट. चारही काळे, चारही सारखे, चारही ओले. यातला माझ्या अंगाला लागलेला कुठला?

मुली बादलीकडे बघायला लागल्या. सर बादलीकडे बघायला लागले. ऋचाची टेस्ट होती त्या दिवशी, आणखी सात-आठ जणींची होती. एकीचाही हात बादलीकडे जाईना. हायजिन म्हणाले होते ना? मग धुवा आणि घाला, रोज घालता तसे. सर म्हणाले, आज टेस्ट कॅन्सल. एवढं बोलताना त्यांचा चेहरा लाल झाला होता. नंतर ऐकलं की ते चारही बेल्ट फेकून नवीन आणले.

मी बूट हातात घेतले आणि अनवाणी गेटबाहेर आले.

स्टेट गेलं. हे गोड करून सांगणार नाही. टीम झाली नाही, सरांनी सगळीकडे सांगितलं की पोरगी उर्मट आहे, दुसऱ्या क्लबांनीही दारात उभं केलं नाही. आईने दोन दिवस अबोला धरला. "घेतला असता तं काय झिजलं असतं तुझं?" एवढंच म्हणाली. पण स्नेहलतागंजातल्या घरी चहा घ्यायचं तिने सोडलं. माझं पळायचं वय त्यानंतर कामात, रात्रीच्या शिकवण्यांत आणि डिग्रीत गेलं. मी किती जोरात पळू शकले असते हे आता कधीच कळणार नाही. ते माझ्याकडून काढून घेतलं गेलं, आणि त्याची भरपाई नाही.

आता मी इंदुरातच, भंवरकुआंला, मुलं-मुली पळवते. पोलिस आणि फौजेच्या भरतीवाली पोरं. गावाकडून येतात, हॉस्टेलात एका खोलीत चौघं राहतात, पहाटे विद्यापीठाच्या बाजूच्या मैदानावर जमतात. कुणी कुठलं, आडनाव काय, हे मी विचारत नाही आणि कुणाला विचारू देत नाही. बेल्ट माझ्याकडेही आहेत, बादलीही आहे. मुलींचे मुलींत, मुलांचे मुलांत, हाताला येईल तो घालायचा. ज्याला वेगळा पाहिजे त्याने वेगळं मैदान बघावं. एक साहेब आले होते, पुण्याहून बदली होऊन आलेले, मुलीसाठी घरून बेल्ट आणू का म्हणाले. मराठी ऐकून माझ्यावर फारच खूष झाले होते. मी म्हटलं, आणा की, बादलीत टाका, पाच होतील. पुन्हा आले नाहीत.

आणि हळू पळायच्या दिवशी माझ्याकडे जोड्या रोज बदलतात. जो पोरगा कुणाशीच बोलत नाही, त्याच्या बाजूला मी स्वतः पळते. विचारते, काय खाल्लं भिया, घरी कोण कोण आहे, काल काय केलं. उत्तर तुटलं की वेग कमी. घुमा कुणी नसतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. माझ्या बऱ्याच पोरी भरतीत लागल्या, पेपरात फोटो आला, तो त्यांनी बघितला. आवाज म्हातारा झाला आहे, गोड झाला आहे. म्हणाले, क्लबाचा वर्धापनदिन आहे, सत्कार करायचा आहे. ऋचाच आता क्लब सांभाळते, तिचीही इच्छा आहे. मुलींना एरोबिक बेसवर दोन शब्द सांग. "तू आपलीच गं. पाया तर आमच्याकडेच घातला ना तुझा?"

पाया. माझी नडगी अजून थंडीत ठणकते.

मी ओरडले नाही. म्हटलं, येते सर. शाल नको, नारळ नको. मुलींना फक्त एक डेमो दाखवायचा. बादली ठेवा, चार बेल्ट ठेवा. आधी मी लावणार, एक फेरी मारणार, नळाखाली धुणार. मग तोच बेल्ट ऋचाने लावायचा. सगळ्यांसमोर. मग मी दोन शब्द काय, तासभर बोलते.

मग सर म्हणाले, "बघतो. कमिटीला विचारतो."

महिना झाला. कमिटीचं उत्तर आलेलं नाही. न आलं तरी माझं काही अडत नाही, माझं मैदान रोज पहाटे भरतं. पण अट तीच राहणार. त्यांनी पुढच्या वर्षी फोन केला तरी तीच, दहा वर्षांनी केला तरी तीच. वय झालं, माणूस बदलला, जाऊ दे आता, असलं काही मला सांगायला येऊ नका. बेल्ट माझ्या अंगावरून निघेल आणि ऋचाच्या हातात जाईल. आणि तो दोन बोटांत धरलेला मला चालणार नाही. मुठीत धरावा लागेल.